जोत्यापाशी थांबलेलं घर

बोरगावच्या खालच्या अंगाला, दूधगंगेच्या वळणावर जी वस्ती आहे, तिथं अजूनही एखाद्याचं काम रेंगाळलं की लोक म्हणतात, शामू आप्पाच्या घरावानी झालं की हे. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी शामू आप्पाला पाहिलेलंही नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना एवढंच आठवतं, की गोठ्याच्या दारात घोंगडं पांघरून बसणारा एक म्हातारा होता, त्याच्या समोर कमरेएवढं दगडी जोतं होतं आणि जोत्यावर एरंड माजला होता. ते घर जोत्यावर सोडून गेलेल्या परशराम मेस्त्र्याचं नाव निघालं की सगळं गाव त्याचा उद्धार करायचं, शामू आप्पा एकटा करायचा नाही. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे. देवमाणूस वगैरे काही नव्हता तो. चांगला तापट गडी होता. बैलानं नांगराला खांदा दिला नाही तर बैलाशी अबोला धरणारा. त्याला गप्प बसायला कारण होतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

गोष्ट इंग्रजांच्या अमलातली, दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. दूधगंगा तशी दर श्रावणात गावात यायची. देवळाच्या पायरीला पाणी लागलं की बायका जाऊन तिची ओटी भरायच्या, नारळ सोडायच्या, आणि ती लेकीसारखी मुकाट्यानं माघारी फिरायची. त्या वर्षी ओटी भरली तरी ती फिरली नाही. देवळाचा कळस तेवढा वर ठेवून सगळं गाव तिनं पोटात घेतलं. माणसं माळावर जाऊन बसली. शामू, त्याची बायको राजाबाई, मुलगा भरमा आणि सून अंबू हीसुद्धा माळावर होती. अंबूला पहिलंच होतं, दिवस भरत आले होते.

नदीकाठच्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या, मातीची भिंत पुरात पडत नाही, पूर ओसरून ऊन पडलं की पडते. आतून भिजलेली, बाहेरून वाळलेली भिंत उभ्या उभ्या फसवते. म्हणून पाणी गेलं तरी चार उन्हं खाल्ल्याशिवाय कुणी घरात पाय ठेवत नाही. पण अंबू होती बेळगावच्या खासबागेतली, मारुतीरावांची लेक. तिला नदी ठाऊक नव्हती. माहेरून आणलेली पितळी समई आत राहिली होती, ती आणायला ती कुणाला न सांगता गेली. माजघराची भिंत तिच्यापुढं हातभर अंतरावर बसली. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण चिखलानं माखलेली ती पोर अंगणात येऊन जी बसली, ती संध्याकाळपर्यंत पडलेल्या भिंतीकडंच बघत राहिली.

मारुतीराव लेकीला न्यायला आले तेव्हा त्यांनी ढासळलेलं घर बघितलं आणि व्याह्याला एकच गोष्ट सांगितली. दगडी जोतं आणि दगडी भिंत उभी राहिली की कळवा, मी स्वतः लेकीला आणून पोचवतो. तोवर तिला ह्या गावात पाठवणार नाही. माणूस वाईट नव्हता. कुठल्याही बापानं तेच म्हटलं असतं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असल्यामुळं अंबू गेली ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. भरमा त्यांच्या सोबत पोचवायला गेला आणि बाळंतपण होईस्तोवर राहतो म्हणाला, त्यातही कुणाला काही वाटलं नाही. तिथं सासऱ्याच्या ओळखीनं तो सुताच्या वखारीत कामाला लागला, हे मात्र शामूला खटकलं. बसून खाण्यापेक्षा बरं, असं तो राजाबाईला म्हणाला, पण घरजावई हा शब्द काही त्याच्या डोक्यातून जाईना.

एकुलता एक मुलगा होता भरमा. त्याच्या आधीची तीन गेली होती. घर उभं राहिलं तर तो, सून आणि नातवंड परत येणार, नाही राहिलं तर तिघंही खासबागेची होणार, हे शामूला पुरतं कळलं होतं. म्हणून गावातला चिखल उपसायच्या आतच तो गवंड्याच्या मागं लागला, आणि तिथंच चुकला.

त्या भागात गवंड्याला काम द्यायची एक रीत होती. घरधन्यानं मारुतीच्या देवळात, चार माणसांच्या देखत, गवंड्याला विडा आणि सुपारी द्यायची. विडा त्यानं तिथंच खायचा, सुपारी जपून ठेवायची. घरभरणीच्या दिवशी ती सुपारी धन्याच्या हातात परत दिली की काम पुरं झालं. मधेच काम सोडायचं असेल तर गवंड्यानंच सुपारी फिरवायची, म्हणजे धन्याला माघारी द्यायची. आणि जोवर सुपारी एकाकडं आहे, तोवर त्या घराला दुसरा गवंडी थापी लावत नाही. मग धनी रडो नाहीतर पडो. रीत चांगलीच होती. तिच्यामुळं गवंड्या-गवंड्यांत भांडणं होत नव्हती, कुणी कुणाच्या पोटावर पाय देत नव्हतं. फक्त ती घालून देताना कुणी पुराचा विचार केला नव्हता.

बोरगावचा परशराम मेस्त्री हा हातात कसब असलेला माणूस. शामूनं त्याला गाठलं तेव्हा तो म्हणाला होता, आप्पा, घाई करू नका, आधी माझी हातातली कामं संपू द्या, मग बघू. पण शामूला वाटलं, पहिली सुपारी आपली तर पहिलं घर आपलं. देवळाच्या गाभाऱ्यातला गाळ अजून ओला होता, आणि हा नारळ, विडा, सुपारी घेऊन हजर. बघणाऱ्यांना हसू आलं. घर पाहावं बांधून म्हणतात, शामू आप्पाला तर बांधायच्या आधीच घाई, असंही कुणीतरी बोललं. शामूनं लक्ष दिलं नाही. परशरामानं देवापुढं सुपारी उचलली, कपाळाला लावली आणि आपल्या हत्यारांच्या पिशवीत टाकली.

सुरुवात तर झकास झाली. दसऱ्याला परशराम आला, दोरी लावली, पाया खणला. शामूनं निढोरीकडचा काळा दगड बैलगाडीनं आणून टाकला होता, बांधावरची बाभळ तोडून तुळया घडवून घेतल्या होत्या, कुंभाराकडून कौलं आणून रचली होती. जोतं वर येऊ लागलं तशी राजाबाईची जीभ सुटली. चूल कुठं, देव्हारा कुठं, दाण्याची कणगी कुठं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. पाळण्याच्या कड्या कुठल्या तुळईला लावायच्या ह्यावर तर नवरा-बायकोचं भांडण झालं. तिनं लोहाराकडून कड्या आधीच करून आणल्या होत्या. भिंतीचा पत्ता नाही आणि कड्या तयार, असं शामू तिला चिडवायचा, पण रात्री निजताना गोठ्यात त्या कड्या उशाशी ठेवलेल्या त्याला दिसायच्या आणि त्याला बरं वाटायचं.

दिवाळीला भरमा आला, एकटाच. मुलगी झाली होती, पोर अजून लहान, प्रवास नको, असं म्हणाला. ते खरंच होतं. त्यानं जोत्यावर चढून सगळीकडं फेरी मारली. मग परशरामाला घेऊन नदीकडं गेला आणि दोघं बराच वेळ बोलत बसले. शामूला लांबून ते दिसलं तेव्हा त्याला समाधान झालं. पोरगं घरात लक्ष घालायला लागलं, तो राजाबाईला म्हणाला, आता काम झपाट्यानं होईल.

तुळशीचं लग्न झालं आणि परशराम यायचा थांबला. बेळगावला काम धरलंय, संक्रांतीपर्यंत येतो, असा त्याचा निरोप आला. संक्रांत गेली, शिमगा गेला, पाडव्याला तरी येईल म्हणून शामूनं भिंतीचे दगड बसवायला माती भिजवून तुडवून ठेवली. ती वाळली. पुन्हा भिजवली, पुन्हा वाळली. शेवटी त्या ढिगाऱ्यावर हरळी उगवली आणि शेळ्या तिथं चरायला येऊ लागल्या. गावातली बाकीची घरं कुणी मातीनं, कुणी कुडानं कशीबशी उभी करून घेतली. शामूला तसं करता येत नव्हतं. मातीच्या घरात मारुतीराव लेक पाठवणार नव्हते, आणि दगडाच्या घराची सुपारी बेळगावात कुठं तरी परशरामाच्या पिशवीत होती.

दुसरा पावसाळा त्या दोघांनी गोठ्यातच काढला. एका बाजूला बैल, एका बाजूला चूल. राजाबाईला दम्याची जुनी खोड होती, ती बैलांच्या मुताच्या वासानं आणि धुरानं वाढली. पण ती कधी त्यावर बोलली नाही. ती दिवसातून एकदा एवढंच विचारायची की मेस्त्री आला का. शामू बोरगावला परशरामाच्या घरी जाऊन यायचा. त्याची बायको पाणी द्यायची आणि मान खाली घालून सांगायची की ते बेळगावलाच हाईत. गावातल्या लोकांनी रचलेल्या कौलांतली दहा-पाच, दहा-पाच नेली. परत देतो म्हणून नेली. शामू त्यांना नको म्हणत नव्हता. पुढच्या दिवाळीला भरमा आला नाही.

तेव्हा शामू निपाणीला रवळू गवंड्याकडं गेला. रवळू त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीतला, कामाला चोख. त्याच्यापुढं शामूनं डोक्यावरचं मुंडासं काढून ठेवलं. आयुष्यात त्यानं ते कुणापुढं काढलं नव्हतं. रवळूनं ते उचलून पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"आप्पा, मला लाजवू नगासा," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या सुपारीवर म्या थापी ठेवली तर उद्या माझ्या सुपारीवर कुणीबी ठेवंल. तेवढी सुपारी फिरवून आणा. आणली की दुसऱ्या दिशी मी तुमच्या दारात हाय."

म्हणजे परशरामाला शोधून काढणं आलं. बेळगाव काही बोरगावएवढं नाही, तिथं एक गवंडी कुठं सापडणार? पण भरमा तिथंच होता, तो शोधून देईल, असा शामूनं विचार केला. राजाबाईनं नातीसाठी खणाची कुंची शिवली होती, ती दिली, गुळाची ढेप आणि शेंगा बांधून दिल्या. अंबूला सांगा, ती म्हणाली, कड्या करून ठेवल्यात म्हणावं. शामू निपाणीहून सर्व्हिस मोटारीनं निघाला. संकेश्वर, हत्तरगी, मग घाट. मोटारीत त्याला मळमळत होतं, तरी तो मनात भाषण जुळवत होता. परशराम भेटला की प्रथम त्याच्या गचांडीला धरायचं की आधी गोडीनं बोलायचं, हे काही त्याचं ठरेना.

खासबागेत मारुतीरावांचं घर शोधायला वेळ लागला नाही. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट चालला होता. दारात कुणी नव्हतं, म्हणून शामू बाजूच्या बोळातून मागच्या परसात गेला, आणि थबकला. परसात दोन खोल्यांचं बांधकाम चालू होतं. दगडी जोतं, दगडी भिंत, सरळ, ओळंब्यात, खिडकीच्या वर गेलेली. आणि परांचीवर, थापी हातात घेऊन, परशराम बसला होता.

ह्या घडीला शामूला काय वाटलं ते सांगितलं तर हसाल. त्याला आनंद झाला. राग पार विसरून तो खालूनच ओरडला, "आरं, भरमूनं गाठलं व्हय तुला? म्या म्हणतच हुतो, माझं पोरगं तुला सोडायचं न्हाय." पोरानं आपल्यासाठी मेस्त्र्याला धरून ठेवलं, सासऱ्याचं हे किरकोळ काम उरकलं की त्याला घेऊनच तो गावी येणार, असं सगळं त्यानं एका क्षणात रचून टाकलं.  परशरामानं थापी चुन्यात खोचून ठेवली आणि परांचीवरून खाली उतरू लागला.

तेवढ्यात अंबू पोरीला कडेवर घेऊन मागच्या दारात आली. सासऱ्याला बघून तिनं पटकन पदर डोक्यावर घेतला, वाकून पाया पडली, पण तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. शामूनं कुंची काढून नातीच्या डोक्यावर चढवली. पोरगी अनोळखी माणूस बघून किंचाळायला लागली. तिचं नाक थेट राजाबाईचं होतं. शामूनं हसत विचारलं, मारुतीरावांनी कुणासाठी काढलंय गं हे बांधकाम? अंबू म्हणाली, आई हाक मारतीया, आणि रडणाऱ्या पोरीला घेऊन आत गेली. आतून कुणीच हाक मारली नव्हती. शामूनं परशरामाकडं बघितलं.

"बसा आप्पा," परशराम म्हणाला. दोघं घडवलेल्या दगडांवर बसले. "तुमची सुपारी म्या देवाफुडं उचललीया, तवा तुमच्याफुडं खोटं बोलत न्हाय. हे घर भरमूचं हाय. सासऱ्यानं जागा दिली."

शामू म्हणाला, "बरं." भिंतीकडं बघून पुन्हा म्हणाला, "बरं. मग माझं?"

"त्या दिवाळीत नदीवर भरमू मला म्हणाला, आप्पाचं काम जोत्यावरच थांबव. सुपारीबी फिरवू नगंस, फिरवलीस तर आप्पा दुसरा गवंडी बघंल. म्हणाला, ते घर हुबं ऱ्हायलं की मला जावं लागंल, आन मी येत न्हाय असं आप्पाच्या तोंडावर सांगायला माझी जीभ उचलायची न्हाय." परशराम हातावरचा चुना खरवडत होता. "त्याची बायकू पाऊस लागला की अजून झोपत न्हाय, आप्पा. भित्तीकडं बघत बसती. त्यालाबी हितं पगार हाय, नळाचं पाणी हाय. मी न्हाय म्हणायला पायजे हुतं. न्हाय म्हणालो न्हाय."

परसात उन्हं तापली होती. गल्लीतले माग चालू होते. शामूला वाटलं, हे पोरगं माझ्यापुढं उभं राहून म्हणालं असतं, आप्पा, मी येत नाही, तर काय झालं असतं? मी शिव्या घातल्या असत्या. कदाचित कानशिलात वाजवली असती. राजी चार दिवस रडली असती. पण झालं असतं, मिटलं असतं. आम्ही मातीचं दोन खणांचं घर कधीच उभं करून घेतलं असतं आणि त्यात पडून राहिलो असतो. त्याऐवजी ह्यानं आपल्या आईला वर्षभर बैलांच्या शेजारी निजवलं. आणि ती रोज विचारत राहिली. हे आठवलं आणि शामूला इतका वेळ जे झालं नव्हतं ते झालं, त्याला रडू आलं. मुंडाशाच्या शेवानं त्यानं डोळे पुसले आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून दाराकडं पाहिलं.

परशरामानं पिशवीत हात घातला. ओळंबा, दोरी, गुण्या बाजूला सारून तळातून सुपारी काढली आणि पुढं केली. "घ्या आप्पा. म्या फिरवतो. रवळूला बोलवा, त्यो करंल चांगलं."

जिच्यासाठी शामू एवढा आटापिटा करून आला होता ती सुपारी समोर होती, नुसता हात पुढं करायचा होता. रवळू दुसऱ्याच दिवशी दारात येणार होता. पावसाळ्याच्या आत भिंती, कौलं, सगळं झालं असतं. आणि मग? मग राजाबाई म्हणाली असती, आता आणा पोरांना. त्यावर तिला काय सांगायचं? घर नाही म्हणून पोरगं येत नाही, ह्या एका गोष्टीवर ती बाई धुरात बसून भाकऱ्या थापत होती. घर असून येत नाही, हे तिला सांगायचं कुणी?

शामूनं परशरामाची मूठ मिटवली.

"ठेव तुझ्यापाशीच," तो म्हणाला. "घेतली तर मला घर बांधाय लागंल, परशा. बांधलं तर ती वाट बघंल, आन पोरगं यायचं न्हाय. त्यापरीस बिनबांधलेलंच बरं." मग म्हणाला, "गावात लोक तुला लई बोलत्यात. आजून बोलतील. तेवढं सोस माझ्यासाठी."

परशराम व्हय म्हणाला. 

दुपारी भरमा वखारीतून जेवायला आला. परसात बाप आणि मेस्त्री शेजारी शेजारी बसलेले बघून तो दारातच उभा राहिला. अंगानं भरला होता, धोतर पांढरंशुभ्र, केस शहरातल्यासारखे कापलेले. शामूला तो देखणा दिसला. मारुतीरावांनी व्याह्याला मोठ्या अगत्यानं आत नेलं, पाट मांडले. जेवताना खाली मान घालून भरमा म्हणाला की ह्या मेस्त्र्याला मी तेच सांगतोय, इथलं आवरलं की पहिल्यांदा आप्पाचं घर घे. शामू म्हणाला, व्हय की, आवरू दे हितलं. अंबूनं त्याला भात वाढला, तूप वाढलं. एकानं खोटं सांगितलं, दुसऱ्यानं ते खरं धरलं, आणि जेवण व्यवस्थित पार पडलं.

भरमा मोटार अड्ड्यापर्यंत पोचवायला आला. मोटार सुटायच्या वेळी तो पाया पडायला वाकला आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला. मला सगळं कळलंय, हे शब्द शामूच्या ओठांवर आले होते. बोलला असता तर त्याचा जीव हलका झाला असता ह्यात शंका नाही. पण मग ह्या पोराला आपल्या आईसमोर कधी उभंच राहता आलं नसतं, वर्षादोनवर्षांनी दिवाळीला यायचा तेही तुटलं असतं. म्हणून त्यानं भरमाच्या पाठीवर हात ठेवला, पोरीला जप म्हणाला, आणि मोटारीत चढला.

घरी पोचला तेव्हा राजाबाई गोठ्याच्या दारात उभीच होती. मेस्त्री गावला का, तिनं विचारलं. शामू म्हणाला, न्हाय गावला, लई हिंडलो. भरमू काय म्हणाला? घर झालं की येतो म्हणाला. पोरगी कुणावर गेलीय? तुझ्यावर, शामू म्हणाला, नाक तर थेट तुझंच. राजाबाई हसली, आणि मग तिनं परशराम मेस्त्र्याला, त्याच्या बापाला आणि येणाऱ्या सात पिढ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. त्या घालता घालता तिला खोकल्याची उबळ आली. शामूनं तिला पाणी दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत बसला.

तसेच दिवस गेले. शामू अधूनमधून बोरगावला मेस्त्र्याचा तपास करायला म्हणून जायचा, ओढ्याकाठी बिडी ओढून माघारी यायचा आणि अजून बेळगावलाच आहे म्हणून सांगायचा. पुढं परशराम गावी परतला, मग शामू आज तो घरी नव्हता म्हणून सांगू लागला. शामूच्या वस्तीत परशरामानं पाऊल टाकलं नाही. त्याला आणखी कुणी सुपारी देईना. देवाफुडली सुपारी खाणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं. तो निपाणीकडं तंबाखूच्या वखारींवर मजुरीनं जाऊ लागला. भरमा कधी आला, कधी नाही आला. आला की जोत्यावर चढायचा नाही. लढाई सुरू झाली, सूत महागलं, वखारीत काम वाढलं, असं काही ना काही कारण असायचं. राजाबाई त्याला काही विचारायची नाही. तिचा सगळा राग मेस्त्र्यावर होता, पोरासाठी तिच्याकडं फक्त शेंगा आणि गूळ असायचा. नात एकदाही तिथं आली नाही.

लढाई संपली त्या थंडीत राजाबाई दम्यानं गेली. गोठ्यातच गेली. भरमा, अंबू आणि ती पोरगी दुसऱ्या दिवशी पोचली, तोवर सगळं उरकलं होतं. परशरामही आला होता. तो वेशीपाशीच थांबला, कारण पुढं आला असता तर लोकांनी त्याला धरून मारलं असतं. भरमा हंबरडा फोडून रडला. दिवसकार्य झाल्यावर त्यानं बापाला बेळगावला चला म्हणून पुष्कळ विनवलं. शामू नको म्हणाला, बैल आहेत म्हणाला.

माणसं आपापल्या वाटेला लागल्यावर शामू काठी टेकत बोरगावला गेला. परशराम ओसरीवर वाकळ अंथरून पडला होता, तो उठून बसला. शामूनं हात पुढं केला आणि म्हणाला, "दे सुपारी."

परशरामानं पिशवी मागवली, तळाशी चाचपून सुपारी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. मग भीत भीत विचारलं की आता कुणाकडून घर बांधून घेणार.

"न्हाय रं," शामू म्हणाला. "मेस्त्री आला का म्हणून इचारणारं आता कुणी ऱ्हायलं न्हाय. तू मोकळा झालास."